कोवळवाडीचा नंबर

"राँग नंबर," ती बाई म्हणाली. "एकदा सांगितलं ना? इथं कुणी चौगुले नाही."

"थांबा, ठेवू नका. मी रक्तपेढीतून बोलते..."

तिने ठेवला. मी पुन्हा लावला. दोनदा घंटा वाजली आणि फोन कट झाला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो बंद होता.

खिडकीच्या जाळीपलीकडे तौफिक मकानदार उभा होता. टेम्पो चालवायचा. त्याची बायको रुखसार वरच्या मजल्यावर होती. आठवा महिना सरत आलेला, वार खाली सरकलेली, पहाटेपासून रक्तस्राव झालेला. सकाळी तो थांबला होता, पण कधीही पुन्हा सुरू झाला असता. हिमोग्लोबिन ५.४. डॉक्टर इनामदारबाईंनी मला वर बोलावून सांगितलं होतं, "चारपर्यंत रक्त आणा. रक्ताशिवाय मी तिला टेबलावर घेऊ शकत नाही, आणि चारनंतर न घेऊन चालणार नाही."

तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

"काय म्हणाला?" तौफिकने विचारलं.

"बाईने उचलला. राँग नंबर म्हणते."

"मग दुसरा लावा की. ओ ग्रुपची शंभर माणसं उभी करतो मी स्टँडवरची."

त्याला मी दुसऱ्यांदा समजावलं. रुखसारचं रक्त साध्या तपासणीत 'ओ' दिसतं, पण ते 'ओ' नाही. बॉम्बे ग्रुप म्हणतात त्याला. दहा हजारांत एखाद्याचा असतो. 'ओ'चं रक्त तिला चढवलं तर तिचंच शरीर ते फोडून टाकेल. आमच्या नोंदवहीत त्या ग्रुपचे दोनच दाते होते. बेळगावच्या एका परिचारिकेने अठरा दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं, तिचं इतक्यात घेता येत नव्हतं. दुसरे सटुप्पा चौगुले, कोवळवाडीचे शिंपी.

सटुप्पांच्या नावापुढे फेब्रुवारीतली नोंद होती, माझ्याच अक्षरात. तेव्हाही त्यांची गरज पडली होती. तेव्हाही एका बाईने उचलून 'राँग नंबर' म्हटलं होतं आणि फोन बंद केला होता. नोंदवहीत दात्याच्या उत्तरासाठी तीन रकाने होते: उपलब्ध, अपात्र, नकार. मी तिसऱ्यात लाल शाईने खूण केली होती.

"म्हणजे तो द्यायचा नाही म्हणतोय," तौफिक म्हणाला.

"तसंच दिसतंय. घरातल्या कुणाला तरी फोन धरायला सांगितलाय."

"गाव कुठं त्याचं?"

"अडतीस किलोमीटर."

"चला मॅडम. टेम्पो दारात आहे. तुम्ही बोला, नाही जमलं तर मी पाय धरतो. त्यानं नाही जमलं तर उचलून आणतो."

मी पंचवीस वर्षं त्या रक्तपेढीत काढली. दात्याच्या दारात जायचं नाही, हा नियम मीच नव्या लोकांना शिकवायचे. त्या दिवशी मी एप्रन काढला, नोंदवही काखेत मारली आणि टेम्पोत चढले.

मला राग आला होता. माझा राग आवाज करत नाही, म्हणून लोकांना तो कळत नाही. मला हा माणूस नीट आठवत होता. आठ वर्षांपूर्वी शिबिरात त्यांचा ग्रुप मीच शोधला होता. "मॅडम, माझ्या रक्ताला एवढी किंमत हाय व्हय?" असं म्हणून हसले होते. दोनदा बोलावलं, दोनदा आले. मग सहा वर्षांपूर्वी एक दिवस मुद्दाम येऊन नवा नंबर देऊन गेले. "ह्यो फकस्त तुमच्यासाठी. वाण्याच्या दुकानातला नंबर खोडा, त्यो निरोप इसरतोय." मी तो खोडला. एक दाता, एक नंबर. माझी वही स्वच्छ असायची.

आणि आता हाच माणूस बायकांना फोनवर खोटं बोलायला लावत होता.

तौफिकने गाडी दामटली. मध्येच त्याने खिशातून फोन काढून पाहिला. "बघा, पुन्हा गेली रेंज. वरनं फोन आला तर कळायचं कसं? कंपनी विकली आणि वाट लागली नुसती. आधी हितं फुल रेंज असायची."

"माझाही त्याच कंपनीचा आहे," मी म्हणाले.

"मग तुम्हाला पण आला असेल ना मेसेज? 'आम्ही आता एका मोठ्या परिवाराचे सदस्य झालो आहोत.' मी म्हटलं, कुठला परिवार? लग्नाला बोलावलं नाही कुणी."

मला तो मेसेज आला होता, वर्षापूर्वी. वाचून मी पुसून टाकला होता.

"मॅडम," थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुमच्यासमोर बोलू नये, पण असल्या माणसाचं रक्त माझ्या रुखसारच्या अंगात जाणार?"

"जाऊ दे," मी म्हणाले. "रक्ताला ते कळत नाही."

कोवळवाडीत शाळेमागे घर होतं. सटुप्पा घरापुढच्या सोप्याच्या अगदी कडेला, उन्हात, मशीनवर बसले होते. आत ऐसपैस सावली होती. मला पाहताच ते उठले. मांडीवरचं कापड खाली पडलं.

"मॅडम! तुम्ही? अवो, फोन करायचा न्हाई का?"

तौफिक पुढे झाला. मी त्याला हाताने थांबवलं.

"फोन केला होता," मी म्हणाले. "आज तीनदा. फेब्रुवारीत तीनदा. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतं. घरातल्या बाईमाणसाला राँग नंबर म्हणायला लावायची गरज नव्हती."

ते मशीनमागून बाहेर आले. मग वळून भिंतीकडे गेले. तिथे खिळ्याला चिंध्यांची एक सुबक शिवलेली पिशवी होती. तिच्यातून त्यांनी जुना बटणांचा फोन काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"ह्यो वाजलाच न्हाई, मॅडम."

दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. "वाजंल कसा?" ती म्हणाली. "पर रोज चारजिंग. मी उपाशी ऱ्हायले तर चालंल, त्यो न्हाई ऱ्हायला पायजे. लगीन त्याच्यासंगच झालंय ह्येंचं."

"तू गप," सटुप्पा म्हणाले.

"का गप? पोराची पुण्यात वास्तुशांत झाली, ह्ये गेले न्हाईत. घाटात रेंज जात्या म्हणं. म्हाताऱ्या आईला जोतिबा दावायचा व्हता, त्योबी ऱ्हायला. हितं उन्हात मशीन का मांडलंय, इचारा की. रेंज हितंच येत्या, आत येत न्हाई."

मी फोन घेतला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. रेंजच्या जागी बारीक फुली.

"हे कधीपासून असं आहे?"

"गणपतीपास्नं. टावर जोडायचं काम चाललंय म्हनले. समद्या गावाची गेलती. दिवाळीला दुसऱ्यांची आली, माझी आली न्हाई. मग आजऱ्याला दुकानात नेला. त्यानं बॅटरी बदलली. म्हनला, येईल हळूहळू."

"तुम्हाला कंपनीकडून काही कळवलं नव्हतं?"

"आलता की मेसेज. मऱ्हाटीत हाय. ठेवलाय म्या."

त्यांनी तो काढून दाखवला. मी वर्षापूर्वी वाचलेलाच. *प्रिय ग्राहक, आपली कंपनी आता नव्या नावाने आपल्या सेवेत येत आहे. आपला नंबर व प्लॅन तोच राहील. आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.*

"म्हून म्या काय बी केलं न्हाई," सटुप्पा म्हणाले.

मी पुढचे मेसेज पाहिले. त्याखाली तीन होते, जून, जुलै आणि ऑगस्टमधले. तिन्ही इंग्रजीत, सगळी अक्षरं मोठी. आजीवन प्लॅन रद्द करण्यात आला आहे. दरमहा किमान रिचार्ज न केल्यास सेवा बंद होईल. शेवटची सूचना.

"हे तीन कुणाकडून वाचून घेतले होते?"

"त्ये इंग्रजीतलं? जाहिराती अस्त्यात त्या."

उन्हात उभी राहून मी ते तीन मेसेज दुसऱ्यांदा वाचले. गोड बातमी मराठीत सांगितली होती आणि नोटीस इंग्रजीत दिली होती. हा नंबर त्यांनी माझ्यासाठी घेतला होता, त्यावरून कधी कुणाला फोन केला नव्हता, कधी पैसे भरले नव्हते, कारण घेताना तो आयुष्यभरासाठी म्हणून विकला होता. नव्या मालकाच्या यंत्राला एवढंच दिसलं, की हा नंबर गप्प आहे. तो माझ्यासाठी गप्प होता. कंपनीने तो तोडला आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. राँग नंबर म्हणणारी ती बाई खरंच बोलत होती.

वेळ नव्हता. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"चला," मी म्हणाले. "याच्या बायकोला रक्त लागतंय. वाटेत सांगते."

"शर्ट घालतो," ते म्हणाले. "आणि दोन भाकरी खाऊन घेतो. उपाशीपोटी घेत न्हाई तुम्ही, म्हाईत हाय मला."

सटुप्पा आत गेल्यावर तौफिकने खाली पडलेलं कापड उचललं, झटकलं आणि मशीनवर नीट घडी घालून ठेवलं.

टेम्पोत सटुप्पा मध्ये बसले. मी त्यांना रुखसारचं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "फेब्रुवारीत कुणाला लागलंतं?"

"नेसरीकडचे एकजण. नारळावरून पडले होते."

"मग?"

"कोल्हापूरला पाठवलं."

"तिथं मिळालं असंल."

मी समोर बघत राहिले. माझ्या शेजारी असलेल्या माणसाची नाडी पुढच्या तासाभरात ठीक असायला हवी होती, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

एक वाजता आम्ही पोचलो. हिमोग्लोबिन १३.८, रक्तदाब ठीक. सुई टोचल्यावर मी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि पिशवीवर लेबल लावायला वळले. मागून सटुप्पांचा आवाज आला.

"मॅडम, ह्ये माझ्या नावापुढं लाल काय हाय?"

मी लेबल हातात धरून वळले. त्यांनी मान वाकडी करून रकान्याचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"नकार," ते म्हणाले. "म्या? नकार?"

हात हलवू नका, असं मला म्हणावं लागलं. त्यांनी हात हलवला नाही. फक्त मूठ उघडझाप करायची असते तीही थांबवली, आणि रक्ताची धार मंदावली.

"कुणी लिवलं?"

"मी."

"का?"

"चौथा रकाना नव्हता."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. सहा वर्षं माझ्या फोनची वाट बघत उन्हात मशीन मांडणाऱ्या माणसाला सांगायला माझ्याकडे एवढंच होतं. मी पेन घेतलं, ती लाल खूण आडवी खोडली आणि बाजूला लिहिलं: 'दात्याशी संपर्क झालाच नाही. नोंद चुकीची, चूक माझी. न. हत्तरकी.' तारीख घातली. पुढे या खाडाखोडीबद्दल मला लेखी खुलासा मागितला गेला. तो मी दिला नाही. जे लिहायचं ते वहीत लिहिलेलं होतं.

"मूठ चालू ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी ठेवली.

पावणेतीनला सगळ्या तपासण्या करून मी पिशवी स्वतः वर नेली. साडेतीनला रुखसारला आत घेतलं. चार वाजून दहा मिनिटांनी तौफिक जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आला. मुलगी. दोघी ठीक. त्याने सटुप्पांना मिठी मारली आणि मग त्यांच्या खांद्यावर नुसता थापट्या मारत राहिला.

"बरं, बरं," सटुप्पा म्हणाले. "आता मला त्या कंपनीच्या हापिसात न्या. नंबर चालू केल्याबिगर मी घरला जायाचा न्हाई."

कंपनीचं दुकान, गॅलरी म्हणतात त्याला, बसस्टँडसमोर होतं. काचेचं दार, आत गारवा, काउंटरवर नव्या नावाच्या माहितीपत्रकांच्या चळती. व्यवस्थापकाच्या छातीवर पट्टी होती: अभिनव पोतनीस. त्याने नंबर संगणकात घातला.

"हा नंबर ऑलरेडी दुसऱ्या ग्राहकाला अलॉट झालाय, काका."

"पर त्यो माझा हाय."

"होता. नव्वद दिवस रिचार्ज नाही, म्हणून डिअॅक्टिव्हेट. तीन मेसेज गेलेत तुम्हाला."

"इंग्रजीत," मी म्हणाले.

"सिस्टीम जनरेटेड असतात, मॅडम."

"पहिला मराठीत होता. तो कुणी लिहिला?"

"तो मार्केटिंगचा."

"ह्यात लाइफटाइम म्हटलंतं," सटुप्पा म्हणाले. "मी जित्ता हाय की."

पोतनीस हसला. वाईट माणूस नव्हता तो, त्याने हे दिवसातून दहादा ऐकलं असेल आणि दहादा हेच उत्तर दिलं असेल. "लाइफटाइम म्हणजे कंपनीचं लाइफटाइम, काका. ती कंपनीच गेली. तुम्हाला फ्रीमध्ये नवं सिम देतो ना. लास्टला तीन नऊ येणारा छान नंबर आहे. आधार आणलंय?"

मी आयुष्यात कधी दुकानात आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. पण काउंटरवर वाकताना पत्रकांची एक चळत माझ्या कोपराने खाली गेली. मी ती उचलली नाही.

"पोतनीस, वर्षभर हा माणूस तुमच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बसलाय. काही करण्याची गरज नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्याने काही केलं नाही. त्यात त्याचं काय चुकलं, ते मला सांगा."

"मॅडम, मी समजू शकतो. कंप्लेंट रजिस्टर करू का?"

"त्यात किती रकाने आहेत?"

त्याला प्रश्न कळला नाही. तेवढ्यात सटुप्पा म्हणाले, "नंबर ऱ्हाऊ दे. तुमचा ह्यो फोन लावू का?"

काउंटरवरचा फोन त्यांनी स्वतःकडे ओढला आणि न बघता दहा आकडे दाबले. पोतनीसने स्पीकरचं बटण दाबलं, लवकर उरकावं म्हणून असेल.

"हॅलो?" तीच बाई.

"ताई, ठेवू नगासा," सटुप्पा म्हणाले. "मी सटुप्पा चौगुले. तुमच्याकडं जो नंबर हाय त्यो आधी माझा व्हता."

ती म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी सारखे फोन येतात मला. मी कंटाळले."

"व्हय, व्हय. तुमची काय चूक न्हाई. पर एक काम करा. फुडं कधी दवाखान्यातनं कुणी बोललं, तर कट करू नका. सांगा, सटुप्पा कोवळवाडीला हाय, शाळंमागं. माणूस पाठवा म्हणावं. लिवून घेताय?"

"घेते," ती म्हणाली. कागद फडफडल्याचा आवाज आला. मग ती जरा थांबली. "काका, एक विचारू? फेब्रुवारीत पण एक मॅडम बोलल्या होत्या, रक्त हवं म्हणून. मी चिडून फोन बंद केला. नंतर दोन दिवस डोक्यातून जाईना. त्या माणसाला मिळालं का हो?"

सटुप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझ्याकडे चांगलं उत्तर असणार, याची त्यांना खात्री होती.

पोतनीस वाकून खाली पडलेली पत्रकं गोळा करत होता.

"मी त्या मॅडम," मी फोनजवळ जाऊन म्हणाले. "नाही मिळालं. कोल्हापूरच्या वाटेवर, संकेश्वरच्या अलीकडेच ते वारले."

सटुप्पांचा हात फोनवरून हळूच खाली आला. पलीकडे त्या बाईच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"ताई, तुमच्याकडे पेन आहे, तर हेही लिहून घ्या," मी म्हणाले. "आणि पोतनीस, ती पत्रकं राहू द्या. उठा आणि तुम्हीही लिहा. तुमच्या कंप्लेंटमध्ये जो रकाना असेल त्यात लिहा."

तो उठला. पेन शोधेपर्यंत मी थांबले.

"धोंडिबा गणू सुतार," मी सांगितलं. "वय एकसष्ट."